यंत्रानं आधी वऱ्हाडी ऐकावी

“बोलन न हळूहळू, घाई काय हाय?” यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं. लेकरू दोन वर्षांचं होतं, अडीच वर्षांचं होतं, तरी त्याची गाडी ‘माय’, ‘बाबा’ यापुढे सरकत नाही. आजी सांगते, याचा मामाही उशिराच बोलला होता. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतं, कुणी म्हणतं जीभ जड आहे, कुणी नवस बोलतं. या सगळ्यात माया असते, याबद्दल शंका नाही. पण वाट पाहण्यात जी दीड-दोन वर्षं जातात, तीच भाषा सर्वांत सहज शिकण्याची वर्षं असतात. मग शाळेत नाव घालायची वेळ येते आणि सगळ्यांची एकदम धावपळ सुरू होते.

ही पुस्तिका त्या धावपळीच्या आधीच्या काळासाठी आहे. ती आई-वडिलांसाठी आहे, अंगणवाडी सेविकांसाठी आहे, जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी आहे, आणि ज्यांच्याकडे ही मुलं शेवटी पोहोचतात त्या स्पीच थेरपिस्टसाठीही आहे. विषय नवा आहे: मोबाइलवर आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा मुलांच्या वाचा-उपचारात उपयोग कसा करायचा. या साधनांविषयी दोन टोकांचं बोललं जातं. एक म्हणतं, आता डॉक्टरची गरज उरली नाही, सगळं फोनच करेल. दुसरं म्हणतं, फोननंच मुलं मुकी झाली, तो घराबाहेर ठेवा. माझं मत असं आहे की या यंत्राला आपल्या जिल्ह्यात एक नेमकी जागा आहे. ती जागा थेरपिस्टच्या दोन भेटींच्या मधल्या दिवसांत आहे, आईच्या आणि सेविकेच्या हाताखाली आहे. आणि ती मिळवण्यासाठी यंत्राला आधी आपली बोली शिकावी लागेल.

मुळात बोलण्याची अडचण ही एकच गोष्ट नाही. काही मुलांना ऐकूच येत नाही, म्हणून ती बोलत नाहीत. काहींना ऐकू येतं, समजतं, पण आवाज नीट तयार होत नाहीत. ती ‘काका’ला ‘ताता’ म्हणतात आणि सहाव्या-सातव्या वर्षीही तसंच म्हणत राहतात. काहींची भाषाच उशिरा फुलते. काही अडखळतात, तोतरे बोलतात. कुणाचा टाळू दुभंगलेला असतो, कुणी स्वमग्न असतं, कुणाला सेरेब्रल पाल्सीमुळे जीभ-ओठांवर ताबा ठेवणं कठीण जातं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार मानले, त्यांत श्रवणदोष, वाचा व भाषा दोष आणि स्वमग्नता हे वेगवेगळे प्रकार आहेत. प्रत्येकाचा उपचार वेगळा. म्हणून या पुस्तिकेत पहिलीच सूचना अशी दिली आहे की कुठलंही ॲप उघडण्याआधी मुलाचे कान तपासून घ्या. कानात पाणी साचून अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला फोनसमोर बसवून ‘पुन्हा म्हण, पुन्हा म्हण’ करणं हा त्या मुलावर अन्याय आहे. नवजात बाळाच्या कानाची तपासणी काही मिनिटांत होते, बाळ झोपलेलं असतानाही होते, आणि तिच्यात बाळाला वेदना होत नाहीत.

सरकारी व्यवस्था कागदावर चांगली आखलेली आहे, हे इथं मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित असतं. जन्मजात बहिरेपणा आणि विकासातला विलंब, ज्यात बोलण्यातला विलंबही आला, पथकाच्या यादीत आहेत. सापडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे, आणि त्या केंद्राच्या मंजूर मनुष्यबळात श्रवण व वाचा-उपचारतज्ज्ञाचं पदही आहे. या तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. परिषदेचा कायदा १९९२ चा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला त्याहून जुनी अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. तिथं शिकून बाहेर पडणारे बहुतेक जण मोठ्या शहरांत राहतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता यवतमाळचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १६ तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा पसारा, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेअठ्ठावीस लाख वस्ती. जिल्ह्याच्या गावी श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब पडतं. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, निघायचं तर आधी रस्त्यापर्यंत पायी, मग मिळेल त्या गाडीनं तालुक्याला किंवा पांढरकवड्याला, मग एसटी. कापूस वेचणीच्या दिवसांत एका खेपेला आईची दिवसाची मजुरी बुडते. बाप सोबत आला तर दोघांची. एवढं करून थेरपिस्टसमोर मिळणारा वेळ पाऊण तासाचा. पुढची तारीख पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं. तीन खेपांनंतर माणसं येईनाशी होतात, तेव्हा त्यांना निष्काळजी ठरवणं फार सोपं असतं.

पण बोलणं हे पंधरवड्यातून पाऊण तास शिकण्याचं काम नाही. ‘ताता’चं ‘काका’ व्हायला जिभेचा मागचा भाग वर उचलायची सवय लागावी लागते आणि ती शेकडो वेळा म्हटल्यावर लागते. भाषा उशिरा येणाऱ्या मुलाला तर दिवसभर, खाता-पिता, अंघोळीच्या वेळी, वावराच्या बांधावर कुणीतरी त्याच्या पातळीवर येऊन बोलावं लागतं. म्हणजे उपचाराचा मोठा भाग घरातच होतो. थेरपिस्ट दिशा दाखवते, रोजचं चालणं आई चालते.

हे आईला करता येतं का, तज्ज्ञ नसलेल्या माणसाला शिकवता येतं का, याचं चांगलं उत्तर मराठी मुलखाच्या अगदी शेजारी, गोव्यात मिळालेलं आहे. ‘संगत’ या संस्थेनं सहकाऱ्यांसह गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत तपासून पाहिली. ‘पास’ या नावानं ती ओळखली जाते. निष्कर्ष लॅन्सेटच्या मानसोपचारविषयक पत्रिकेत आले. दोन्ही ठिकाणची मिळून ६५ मुलं होती. काम करणारे आरोग्य कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. त्यांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. पद्धत साधी होती. आई मुलाशी खेळते, त्याचं थोडं चित्रीकरण करायचं, मग कार्यकर्तीनं आईच्या शेजारी बसून ते चित्रीकरण तिच्यासोबत पाहायचं. इथं त्यानं तुझ्याकडे पाहिलं होतं, तुझ्या लक्षात आलं का? इथं तू थांबलीस आणि त्यानं स्वतःहून हात पुढे केला. अशा भेटी सहा महिन्यांत बारा. त्यातून आईचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळू लागला आणि मुलानं स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं, असं दिसलं.

या प्रयोगात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. तरी मी तो इतक्या विस्तारानं सांगतो, कारण या विषयातलं सगळं गमक त्यात आहे. बदल झाला तो आईच्या नजरेत. साधनानं, म्हणजे तिथल्या साध्या कॅमेऱ्यानं, तिला थांबून पाहायची सोय दिली. यवतमाळात आपण जे कुठलं हुशार यंत्र आणू, त्यानं आईला आणि सेविकेला अधिक चांगलं पाहता-ऐकता येतं का, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. मूल एकटं खोलीत फोनशी बोलत बसलं असेल तर ते साधन चुकीच्या जागी गेलं आहे.

मग यंत्र काय काय करू शकतं? सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी धोक्याचं काम म्हणजे सरावाचं साहित्य तयार करणं. ‘क’ऐवजी ‘त’ म्हणणाऱ्या मुलासाठी थेरपिस्टला जोड्या लागतात: कार–तार, काळ–ताळ, गार–दार. एकाच आवाजानं अर्थ बदलतो हे मुलाला चित्रांवरून कळतं. त्यानं ‘तार’ म्हटलं की आपण तारेचं चित्र उचलायचं, मग त्याच्याच लक्षात येतं की आपल्याला हवी असलेली कार मिळाली नाही. अशा जोड्या, त्यांच्यावरची चित्रं, छोट्या गोष्टी तयार करायला पूर्वी थेरपिस्टच्या संध्याकाळी जात. भाषेची यंत्रं हे काम थोड्या वेळात करतात. त्यातही मोठा फायदा असा की साहित्य मुलाच्या घरचं करता येतं. बाजारातल्या तयार कार्डांवर ‘क’साठी किवी आणि केक असतात. दारव्ह्याच्या मुलाला कापूस, काकडी, कोंबडी, कुदळ ही चित्रं द्या. ते बोट ठेवून सांगेल की ही आमच्याकडे आहे. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरलेल्या मुलासाठी त्या बैलाची पाच वाक्यांची गोष्ट करा, ज्यात ‘ब’ आणि ‘ल’ पुन्हा पुन्हा येतील. वखर, बंडी, पऱ्हाटी, ढेप हे शब्द परदेशी ॲपमध्ये येणार नाहीत. आपण सांगितले तर यंत्र ते गोष्टीत गुंफू शकतं.

मात्र जे आलं ते तसंच वापरायचं नाही. एक उदाहरण देतो. उच्चार शिकवताना आवाज शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तिन्ही जागी म्हणवून घ्यायचा, ही रीत इंग्रजी पुस्तकांतून आली. ती ओळखीची असल्यामुळे कुणीतरी यंत्राला सांगतं, ‘ळ’नं सुरू होणारे दहा शब्द दे. मराठीत ‘ळ’नं आणि ‘ण’नं शब्द सुरू होत नाहीत. नवखं यंत्र हे सांगेलच याची खात्री नाही. ते दहा शब्द रचूनही देऊ शकतं, आणि तेही ठाम आवाजात. मराठी थेरपिस्टला ही चूक लगेच दिसते. घरी बसलेल्या आईला दिसेलच असं नाही, कारण छापील आणि पडद्यावरच्या अक्षरावर आपला फार विश्वास असतो. म्हणून या पुस्तिकेतला नियम असा आहे: यंत्रानं केलेलं साहित्य आधी थेरपिस्टनं वाचायचं, मग घरी जाऊ द्यायचं.

दुसरं काम म्हणजे ऐकणं आणि गुण देणं. याच्याच जाहिराती सर्वांत जास्त होतात आणि इथंच सर्वांत जास्त सावध राहावं लागतं. मूल ‘काका’ म्हणतं, यंत्र तो आवाज आपल्याजवळच्या नमुन्यांशी ताडून पाहतं आणि बरोबर की चूक ते सांगतं; बरोबर असेल तर तारा चमकतो. कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम कंपनीनं संगणकावर असं साधन आणलं होतं, ज्यात मुलाच्या आवाजानुसार पडद्यावरचं चित्र हलायचं. आजची यंत्रं त्याहून कितीतरी पुढची आहेत. पण ती मुख्यतः मोठ्या माणसांच्या आवाजावर शिकलेली आहेत. प्रौढ पुरुषाच्या घशापासून ओठांपर्यंतची पोकळी साधारण १७ सेंटिमीटरची. लहान मुलाची त्याहून बरीच आखूड. मुलाचा आवाज उंच, बोलणं तुटक, एकाच शब्दाचा उच्चार सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. सुदृढ मुलाचं बोलणंही यंत्राला ओळखायला जड जातं, मग ज्याचा उच्चारच बिघडलेला आहे त्याची गोष्ट सोडा.

यात एक बारीक गोम आहे, जी पालकांना सहसा कुणी सांगत नाही. फोनवर बोलून मजकूर लिहिण्याची जी साधनं आपण रोज वापरतो, ती अर्थपूर्ण वाक्य लिहिण्यासाठी घडवलेली असतात. मूल “ताता आले” म्हणालं तर ती संदर्भ ओळखून “काका आले” लिहून टाकू शकतात. रोजच्या वापरात हे सोयीचं आहे. उपचारात मात्र जी चूक नोंदवायची तीच पुसली जाते. आई आनंदानं सांगते की फोनला कळलं; थेरपिस्टला ऐकल्यावर दिसतं की उच्चार होता तिथंच आहे. त्यामुळे लिहून देणारं यंत्र आणि उच्चार तपासणारं यंत्र ही वेगळी आहेत, आणि पहिल्याकडून दुसऱ्याचं काम करून घेऊ नये.

आता बोलीकडे येतो. अडीच वर्षांची मुलगी म्हणते, “मले पानी दे.” तिनं तीन शब्द जोडले, देण्याची विनंती केली, ‘मी’चं योग्य रूप वापरलं. वयाच्या मानानं हे उत्तम आहे. आता प्रमाण मराठीवर शिकवलेलं यंत्र हे वाक्य तपासतं: ‘मला’ऐवजी ‘मले’, एक चूक, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, दुसरी चूक. तीच मुलगी डोळ्याला ‘डोया’ म्हणते, काळ्याला ‘काया’ म्हणते, तिचा भाऊ ‘रडते’, कारण वऱ्हाडीत “तो रडते” असंच म्हणतात. यंत्राच्या हिशेबानं मुलगी वाचादोषाची ठरते. तिची आई, आजी, अख्खं गाव तसंच बोलतं, आणि ती त्यांच्याकडून अगदी अचूक शिकली आहे. बोलीला दोष समजण्याची चूक माणसांनीही पुष्कळ केली आहे. शाळेत ‘पानी’ म्हटल्यावर हसणारे गुरुजी अजून सापडतात. यंत्रानं ती चूक केली तर ती एका वर्गात राहत नाही, जिल्हाभर त्याच ठामपणे पसरते. एखादं कुटुंब नसलेल्या दोषाच्या उपचारासाठी एसटीनं खेपा घालत राहील, आणि लेकरू घरच्यांसारखं बोलायला लाजू लागेल.

वऱ्हाडीचं निदान मराठीशी नातं आहे. पुसद, दिग्रस, महागाव भागात बंजारा तांड्यावरच्या मुलाच्या घरची भाषा गोरमाटी. केळापूर, झरी-जामणी, घाटंजी, मारेगावात गोंडी आणि कोलामी. वणीच्या कोळसा खाणींच्या वस्तीत हिंदी आणि तेलुगू. कोलाम हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांच्या भाषेचं व्याकरण एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९५५ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. सत्तर वर्षं उलटली, तरी यंत्रांपर्यंत ती भाषा पोहोचलेली नाही. भारतीय भाषांसाठी यंत्रं घडवणारी राष्ट्रीय भाषिणी मोहीम २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा भर घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर. मद्रास आयआयटीच्या ‘एआय फॉर भारत’ गटानं २०२४ मध्ये याच २२ भाषांमधलं सात हजारांहून जास्त तासांचं बोलणं, सोळा हजारांहून जास्त माणसांकडून गोळा करून सर्वांसाठी खुलं केलं. काम मोलाचं आहे. त्यात मराठी आहे. गोरमाटी, गोंडी, कोलामी नाहीत, कारण त्या अनुसूचीत नाहीत. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या २०२५ मधल्या ‘आदि वाणी’ या भाषांतराच्या साधनात गोंडी आली, कोलामीची पाळी अजून आलेली नाही. आणि यांतलं कुठलंच काम बोलायला शिकणाऱ्या लहान मुलांच्या आवाजासाठी केलेलं नाही.

तेव्हा कोलामी घरातलं मूल अंगणवाडीत गप्प बसत असेल, तर त्याला बोलता येत नाही असं ठरवायच्या आधी घरी त्याच्या भाषेत ते काय बोलतं हे आईला विचारलं पाहिजे. दोन भाषांमुळे मूल बोलायला उशीर करतं हा समजही खरा नाही. घरची भाषा बंद करून फक्त मराठी बोला, असा सल्ला आजही दिला जातो. त्यानं मुलाच्या तोंडचा एकमेव भरवशाचा शब्दसाठा काढून घेतला जातो. हा सल्ला देऊ नये.

काही मुलं मात्र बरीच वर्षं किंवा कायमच तोंडानं पुरेसं बोलू शकणार नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांवर बोट ठेवून आवाज काढणारी साधनं आहेत, आणि इथं आपल्याला अभिमान वाटावा असं काम झालेलं आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन विभागात रवी पूवय्या आणि अजंता सेन यांच्या पुढाकारानं ‘जेलो’ हे ॲप तयार झालं. ते मोफत आहे आणि मराठीत आहे. मूल चित्र दाबतं आणि फोन त्याच्या वतीनं बोलतो: मला भूक लागली, मला हे नको, चला बाहेर जाऊ. ते घडवताना मुंबईच्या ‘उम्मीद’ बालविकास केंद्राचं सहकार्य झालं. चेन्नईतून आलेलं ‘आवाज’ हे ॲपही याच जातीचं. यंत्राकडून बोलायची सवय लागली तर मूल तोंडानं बोलणं सोडेल, ही भीती पालकांना फार वाटते. अभ्यास उलटं सांगतात: आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोहोचतं हे एकदा कळलं की पुष्कळ मुलं तोंडानंही अधिक प्रयत्न करतात. इथं कृत्रिम बुद्धिमत्ता पुढे भर घालू शकते, पुढचं चित्र सुचवू शकते, दोन चित्रांचं पूर्ण वाक्य करू शकते. पण तिची वाट पाहत बसायचं कारण नाही. आज मोफत मिळतं तेवढ्यावरही मुलाची चिडचिड कमी होते आणि घराला श्वास घेता येतो.

जगात इतरत्रही हा प्रश्न सुटलेला नाही, हे कळलं म्हणजे थोडा धीर येतो. अमेरिकेत शाळांमधले थेरपिस्ट अपुरे पडतात म्हणून २०२३ मध्ये बफेलो विद्यापीठात सुमारे दोन कोटी डॉलरच्या निधीतून एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली. वाचा आणि भाषेची अडचण असलेली मुलं लवकर ओळखणं आणि थेरपिस्टच्या हाताखाली यंत्राची मदत देणं हे तिचं काम. आपल्या विदर्भात २०२५ मध्ये नागपूरजवळच्या वडधामना इथं कृत्रिम बुद्धिमत्तेची म्हणून अंगणवाडी सुरू झाली, तिच्यात टॅब आणि आभासी चित्रांचे चष्मे आले. उत्साह चांगला आहे. माझं एवढंच म्हणणं की यवतमाळात अंगणवाडीला चष्मा देण्याआधी कान तपासण्याची सोय द्यावी.

पडद्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको. बोलण्याचा सरावही या हिशेबातच धरावा. म्हणून पुस्तिकेतले बहुतेक खेळ असे आखले आहेत की फोन आईच्या हातात राहील. आई त्यावरची आजची सूचना वाचेल किंवा ऐकेल, मग फोन खाली ठेवेल आणि मुलाशी बोलेल. मूल “गाडी” म्हणालं की आईनं “लाल गाडी” म्हणायचं. मूल “लाल गाडी” म्हणालं की “लाल गाडी गेली”. प्रश्न विचारून झाल्यावर मनात पाचपर्यंत मोजत थांबायचं. या थांबण्यातच मूल बोलतं, आणि थांबणं हीच गोष्ट मोठ्यांना सर्वांत कठीण जाते. वाचता न येणाऱ्या आईसाठी सूचना आवाजात असाव्यात, आणि तो आवाज शक्यतो वऱ्हाडी असावा.

मुलाचा आवाज ही त्याची खाजगी गोष्ट आहे, हेही लक्षात ठेवायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. व्हॉट्सॲपच्या गावगटात मुलाच्या तोतरेपणाची चित्रफीत टाकणं, ‘बघा किती सुधारला’ म्हणून का होईना, हे त्या मुलाच्या संमतीविना केलेलं काम आहे. उद्या ते बारा वर्षांचं होईल आणि कुणीतरी ती त्याला दाखवेल. ध्वनिमुद्रण थेरपिस्टला पाठवा, तिचं काम झालं की पुसा.

निदान मात्र यंत्राकडे कधीही सोपवायचं नाही. फोनवर उत्तर येतं, ‘तुमच्या मुलात स्वमग्नतेची लक्षणं दिसतात’, आणि घरात रात्रभर कुणी झोपत नाही. किंवा येतं, ‘काळजीचं कारण नाही’, आणि वर्ष वाया जातं. कळपासोबत चालणाऱ्या कुत्र्यासारखं यंत्रानं भुंकून जागं करावं, निर्णय राखणाऱ्यानं घ्यावा. धोक्याच्या खुणा कुणालाही लक्षात ठेवता येतील इतक्या साध्या आहेत: बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून बोलणं नाही, किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं मागे गेलं. यांतलं एक जरी दिसलं तरी थांबू नका.

अंगणवाडीत कुणी नवं ॲप घेऊन आलं तर ते मुलाला लावण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत पुस्तिकेत दिली आहे. गावातल्या नीट बोलणाऱ्या पाच मुलांना त्याच्यापुढे बसवा. त्यांना घरच्यासारखं बोलू द्या. त्या पाचांना यंत्रानं चूक ठरवलं, तर यंत्र नापास झालं. ते आणणाऱ्याला परत द्या आणि काय चुकलं ते लिहून द्या. हा अधिकार सेविकेचा आहे आणि तो तिनं संकोच न करता वापरावा.

या पुढचं काम आपल्या जिल्ह्यालाच करावं लागेल. नेर-बाभूळगावची वऱ्हाडी बोलणारी, तांड्यावरची गोरमाटी बोलणारी, पोडावरची कोलामी बोलणारी, तीन ते सहा वर्षांची नीट बोलणारी मुलं कशी बोलतात, कुठला आवाज कुठल्या वयात पक्का होतो, याची पद्धतशीर नोंद झाल्याशिवाय कुठलंही यंत्र इथं न्यायानं वागू शकणार नाही. वैद्यकीय महाविद्यालय, अमरावतीचं विद्यापीठ, अध्यापक विद्यालयं, थेरपिस्ट आणि सेविका मिळून, पालकांच्या संमतीनं, ते करू शकतात. त्याला अब्जावधींची गरज नाही. तसं झालं तर यंत्र यवतमाळच्या मुलाला त्याच्या घरच्या मापानं मोजेल.

तोवर सुरुवात म्हणून पुस्तिकेच्या शेवटी काही कोरी पानं मुद्दाम ठेवली आहेत. तुमचं लेकरू आज जे शब्द म्हणतं ते तिथं लिहा, तारखेसह. ‘डोया’ म्हणत असेल तर ‘डोया’च लिहा, सुधारून लिहू नका. लिहिता येत नसेल तर सेविकेला किंवा शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलीला सांगा, त्या लिहून देतील. पुढच्या वेळी तपासणीचं पथक गावात येईल किंवा तुम्ही यवतमाळला जाल, तेव्हा ती पानं सोबत न्या आणि थेरपिस्टच्या हातात द्या.